साखळीतला दुसरा फोन

सोमवार, ४ फेब्रुवारी

बाबाचं नाव चर्चच्या बायकांपर्यंत पोचलं आहे.

कामावरून आले तर दारात शेजारच्या आर्डिस. हातात झाकलेलं हॉटडिश, बटाटा-खिम्याचं, ओव्हनमधून नुकतंच काढलेलं. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, त्यावर त्यांचं नाव — म्हणजे भांडं परत द्यायला जाणं आलंच. डोळे ओले. "ऑर्विनसाठी आम्ही सगळ्या जणी प्रार्थना करतोय बरं का, मॅरिट. तू एकटी नाहीस."

"कशासाठी प्रार्थना?"

"अगं, असं काय करतेस! त्या गाठीसाठी."

भांडं चांगलंच गरम होतं. तसंच धरून उभी राहिले.

बाबाच्या स्वादुपिंडात गाठ आहे, हे दोघांना माहीत आहे. बाबाला आणि मला. शुक्रवारी, एक तारखेला, त्याने सांगितलं. डॉक्टर म्हणतात फार तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत. "गावात कळता कामा नये. मेलो की कळेलच." मी शब्द दिला. डॉक्टर नव्वद मैलांवर आहेत, त्यांना आर्डिस माहीतही नाहीत.

मग?

मंगळवार, ५ फेब्रुवारी

बाबाचा फोन, गावाच्या जलशुद्धीकरण केंद्रावर. मी टाकीचे नमुने घेत होते.

आज कॅफेत कॉफी ओतताना तिथल्या बाईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला म्हणे. तीस वर्षांत पहिल्यांदा.

"कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही."

"दोघांना माहीत होतं. मी सांगितलं नाही. वजाबाकी येते तुला."

ठेवला फोन!

बुधवार, ६ फेब्रुवारी

क्लोरीन ०.९. गढूळपणा ०.०६. बाबाने फोन उचलला नाही.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

त्याच्या घरी गेले. दार उघडलं, आत ये म्हणाला नाही. पुढची तपासणी कधी, विचारलं. "ते माझं मी बघतो." चपलांमधले पाय सुजलेले दिसले. तेही विचारायची सोय नाही.

उरलेले महिने असे जाणार असतील तर?

मी नऊ वर्षांची असताना आई गेली. तेव्हाच्या पास्टरने थडग्यापाशी सांगितलं, ही देवाची योजना. बाबा म्हणाला, असली योजना आखणाऱ्याशी मला बोलायचं नाही. पुढे वर्षभर विचार करून त्याने ठरवलं की आखणाराच नाही. मग राग गेला त्याचा. नसलेल्यावर किती रागावणार? मला मात्र एक नियम घालून दिला — वर माफ करणारा कोणी नाही, म्हणून आपण खोटं बोलायचं नाही. बाकीच्यांची रविवारी सुटका होते. आपली होत नाही.

तो नियम मी पाळला आहे. शाळेत, कामावर, कोणाशी लग्न करायचं नाही हे सांगतानासुद्धा. आणि आता त्यालाच वाटतं की मी खोटं बोलते आहे.

गावात माणसं नऊशे, चर्चं चार, देव न मानणारे तीन. बाबा, मी आणि डेल्मर. डेल्मर ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, आता निवृत्त. तो आणि बाबा चाळीस वर्षं कॅफेतल्या खिडकीपाशी बसतात. त्या जागेला सगळे 'सैतानाचं टेबल' म्हणतात, तोंडावर, हसत. पण ऑर्विनने शेवटी गुडघे टेकले, ही गोष्ट सांगायला मिळाली तर चारही चर्चं वर्षभर त्यावर जगतील. प्रार्थना म्हणे! मला तर ही पायरी पहिली वाटते. आधी हॉटडिश, मग पास्टर, मग मरणाऱ्याच्या कपाळाला लावायची तेलाची बाटली.

कोणीतरी हे सुरू केलं आहे. कोणी ते मला हवं आहे.

रविवार, १० फेब्रुवारी

नळाला खराब नमुना आला तर नळाला शिव्या देऊन उपयोग नसतो. प्रवाहाच्या उलट जायचं. एकेक व्हॉल्व्ह, एकेक नमुना.

आर्डिसचं भांडं परत द्यायला गेले.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"साखळीतून आलं ना! बर्निसने केला मला फोन." मग साखळी समजावली. नऊ बायका. कोणी प्रार्थना मागितली की संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पहिली दुसरीला फोन करते, दुसरी तिसरीला. पावणेसातपर्यंत गाव कव्हर. आर्डिस तिसऱ्या.

"बर्निसला कोणी सांगितलं?"

"लव्हॉनने. ती पहिली. पण तू असं पोलिसासारखं काय विचारतेस? आम्ही काही चोरलंय का तुझं?"

हो, म्हणावंसं वाटलं. त्यांनी डब्यात घालून केकचे तुकडे दिले. घेतले.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

लव्हॉन चौऱ्याऐंशी वर्षांच्या. स्वयंपाकघरात भिंतीवरचा फोन, खाली दोरीने बांधलेली पेन्सिल, आणि वही. प्रत्येक निरोप तारखेसह, शब्दशः. एवढी नीट नोंद आमच्या केंद्रावरही दोघेच ठेवतात.

मी विचारलं, त्यांनी चष्मा लावून वाचायलाच घेतलं. "तीस जानेवारी. ऑर्विन. स्वादुपिंडात गाठ. बहुधा वाईट. घरच्यांना कळू देऊ नये."

"लव्हॉन, मी घरचीच आहे. त्यांची मुलगी."

"अगं बाई!" वही मिटली. "मग तुला नको होतं वाचून दाखवायला."

"आर्डिसनी तर मला दारात येऊन सांगितलं."

"ते बर्निसमुळे. हल्ली तिला शेवटचं वाक्य आठवत नाही. गळतं मध्ये." खिडकीबाहेर बघत राहिल्या. "मी डोकं चालवत नाही गं. जे लिहिलंय ते वाचते. डोकं चालवलं की माणूस शब्द बदलतो."

निरोप त्यांना पास्टरकडून येतो. मागणाऱ्याचं नाव फक्त पास्टरला ठाऊक.

बुधवार, १३ फेब्रुवारी

पास्टर ग्रेटा. माझ्याच वयाची. बूट काढून मोज्यांवर बसली होती, चर्चची भट्टी बंद पडली होती. तिने नाव सांगितलं नाही. अपेक्षाही नव्हती.

"साखळीतून बाबाचं नाव काढा."

"मागणाऱ्याला विचारून काढते." मग — "एक विचारू? राग येईल?"

"येईल."

"मग नाही विचारत."

काय विचारणार होती ते मला माहीत आहे. सगळे तेच विचारतात. वर कोणी नाही तर मग जगता कशासाठी? उत्तर घरी येताना गाडीत सुचलं. गावात चारशे दहा नळजोड. सकाळी सहाला लोक नळ उघडतात, भांडं भरतात, मुलांना पाजतात. माझी आठवण कोणालाही येत नाही. आठवण आली नाही म्हणजे काम नीट झालं. मला एवढं पुरतं. बाबालाही त्याच्या परीने पुरत आलं आहे — त्याने तेहेतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं.

पण पुरतं म्हणून सांगताना आज पहिल्यांदा आवाज चढला. गाडीत, एकटीच असताना. नोंद करून ठेवते.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

तीस जानेवारी!

तीन दिवस डोळ्यांसमोर होतं. मला बाबाने सांगितलं एक फेब्रुवारीला. लव्हॉनच्या वहीत तीस जानेवारी. म्हणजे मला कळायच्या दोन दिवस आधी कोणालातरी कळलं होतं. गळती माझ्याकडून नाही, हे वहीवरून सिद्ध होतं.

पुढे. एकोणतीस तारखेला घशातून नळी घालून गाठीचा तुकडा काढला. त्या दिवशी उणे सव्वीस होतं, तिसऱ्या रस्त्याचा मोठा पाइप फुटला होता, मी खड्ड्यात होते. बाबा म्हणाला होता, "साधी तपासणी आहे, मीच जातो गाडी घेऊन." पण त्याआधी गुंगीचं औषध देतात. सोबत कोणी असल्याशिवाय हॉस्पिटल सोडत नाही.

मग त्याला आणलं कोणी?

वजाबाकीत एक आकडा बाबाने घेतलाच नव्हता.

शनिवार, १६ फेब्रुवारी

डेल्मर तलावावर होता, बर्फावरच्या त्याच्या खोपटात. शेगडी, दोन उलट्या बादल्या, भोकात सोडलेला गळ. मला बघून उठलाही नाही.

"बस. दार लाव, माझी ऊब जाते."

"एकोणतीसला बाबाला तुम्ही नेलं होतं."

गळ वर घेतला, परत सोडला. "पित्ताचे खडे म्हणाला मला. पित्ताचे! भिंतीवर हातभर अक्षरात स्वादुपिंडाचा कॅन्सर लिहिलं होतं. मला ट्रॅक्टर वाचता येतो, पाटी येणार नाही?"

"आणि तुम्ही पास्टरकडे गेलात. तुम्ही!"

"हसायचं असेल तर हसून घे."

मी हसत नव्हते.

"हे बघ पोरी. यंत्र बंद पडलं आणि माझ्याकडचे सगळे पाने लावून झाले की मी शेजाऱ्याकडे मागतो. शेजारी कसा का असेना."

"त्या पान्याने काही होतं असं वाटतं तुम्हाला?"

"छे." भोकातला बर्फाचा चुरा काढला. "पण हॉस्पिटलच्या बाकड्यावर तीन तास हात मांडीवर ठेवून बसलो होतो. रिकामे. तू बसून बघ."

त्याने ग्रेटाला दोनदा बजावलं होतं, घरच्यांना कळू देऊ नका. "ऑर्विनला सांगू नकोस. चाळीस वर्षं ह्या एका गोष्टीवर आम्ही एकत्र बसलोय. त्याला कळलं तर तो जागा बदलेल. आणि मी दुसऱ्या कुठल्या टेबलावर बसू? कोण बसू देईल?"

मासा लागला नाही. परत येताना बर्फ पायाखाली कडाडत होता. जाड असला की तो आवाज करतो. गप्प बसला तर घाबरायचं.

रविवार, १७ फेब्रुवारी

वहीतली तारीख बाबाला दाखवली तर मी सुटते. दोन मिनिटांचं काम.

आणि मग सकाळी कॅफेत तो एकटा बसेल.

सोमवार, १८ फेब्रुवारी

दुसरा मार्ग शोधला. नाही.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

बाबाकडे गेले. ह्या वेळी न विचारता आत शिरले. तो शब्दकोडं सोडवत होता. कोट न काढताच म्हटलं, "मीच सांगितलं."

"कोणाला?"

"पास्टरला. घाबरले होते."

पेन्सिल खाली ठेवली. वर्गात फळ्याजवळ उभ्या मुलाकडे बघावं तसं बघितलं माझ्याकडे. उत्तर चुकलंय की रीत, हे शोधत असल्यासारखं. माझे कान तापले. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले आणि इतकं वाईट बोलले!

"वर माफ करणारा कोणी नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"म्हणजे ते काम माझ्यावरच आलं." दुसरा कप काढला, कॉफी ओतली. "गुरुवारी डॉक्टरकडे जायचंय. गाडी तू चालव. माझे पाय सुजतात."

खोटं बोलून परत आत आले. नियम मोडला म्हणून वाईट वाटायला हवं. दोनदा तपासलं. वाटत नाही. ह्याचा मला संशय येतो.

रविवार, २४ फेब्रुवारी

लव्हॉन घरी आल्या, काठी टेकत. बर्निसला तिच्या मुलाने वृद्धाश्रमात नेलं. साखळीत दुसरी जागा रिकामी.

"तू घे."

"मी मानत नाही, लव्हॉन."

"मानायला कोण सांगतंय? मी वाचीन, तू लिही, आर्डिसला सांग. पाइप काय पाणी पितो? तू शब्द गाळणारी नाहीस, एवढं मला पुरे."

हो म्हटलं. कारण लिहून ठेवते, नंतर दुसरं सांगायला नको — साखळीतून काय जातं त्यावर लक्ष ठेवता येईल. बाबाच्या नावाचं कोणी काही करू पाहिलं तर मला आधी कळेल.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

आठवड्यात तीन निरोप. एक खुबा, एक जुळी बाळं वेळेआधी, एकाची नोकरी. बाबाच्या नावाचं काही नाही. ग्रेटाने काढलेलं दिसतं. शब्दशः पुढे दिले. आर्डिस प्रत्येक वेळी "आमेन" म्हणतात आणि मग "सॉरी हं" म्हणतात.

बुधवार, ६ मार्च

बाबाचं वजन नऊ पौंडांनी कमी. डेल्मर आणि तो खिडकीपाशी. ग्रेटाच्या बंद भट्टीवरून दोघं खिदळत होते. "आता नरकाची ऊब मागवावी लागणार तिला!" — डेल्मर. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. बाबाने पाहिलं. आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे.

सोमवार, ११ मार्च

सहा दहा. लव्हॉनचा फोन. त्या वाचत गेल्या, मी लिहीत गेले.

"अकरा मार्च. मॅरिट. आजार नाही. वडिलांच्या मागे तिचं कोणी राहणार नाही. मागणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे की वर कोणी ऐकत नाही. तरी सांगून ठेवतो. तिला खोटं बोलता येत नाही, पण एकदा ती बोलली, आणि बरोबर बोलली. तिला कळू देऊ नये." वही मिटल्याचा आवाज आला. "लिहिलंस ना, पोरी?"

"लिहिलं."

मी साखळीत आहे हे बाबाला मी सांगितलेलं नाही. गावात मात्र सगळ्यांना माहीत आहे.

आर्डिसला फोन लावला. एकही शब्द गाळला नाही.