पेन मला कोण शिकवणार?

१० मे, रविवार. सकाळी ७

वजन १०४. इतकं वजन असण्याचा हा शेवटचा दिवस. आज पहिलं इंजेक्शन.

डॉक्टर मॅडमनी परवा पेन लिहून दिलं. दर रविवारी पोटावर, आपलं आपणच टोचायचं. भूक मरते, वजन उतरतं. शुगर काठावर आलीय, तीही मागे सरते. मॅडम म्हणाल्या, कसं टोचायचं ते सिस्टर दाखवतील, पाच मिनिटं थांबा. मी म्हटलं, मॅडम, औरंगपुऱ्यात स्टेशनरीचं दुकान आहे माझं. बॉल पेन, जेल पेन, शाईचं पेन, सगळी या हातातून गेली. टोपण काढायला मला कोण शिकवणार? मॅडम हसल्या नाहीत. पेशंट खूप होते.

खोक्यात माहितीचा कागद आहे. मुंगीएवढी अक्षरं. असले कागद मी गिऱ्हाइकाला खडू बांधून द्यायला वापरतो.

सुईला मी घाबरत नाही. शाळेत लस टोचायला आले तेव्हा पळालो होतो, पण ते वेगळं कारण होतं.

सकाळी ७.४०

झालं! सुई पेनावर फिरवून बसवली. तिचं मोठं टोपण काढलं. आत हिरवी बारीक नळी. हीच सुई. टोक एकदम बोथट, प्लास्टिकचं. काय प्रगती केलीय लोकांनी! पोटाला लावलं, बटण दाबलं, काही कळलंसुद्धा नाही. लोक उगाच घाबरतात. पोट जरा ओलं झालं. घाम. मे महिना आहे.

करुणा दारात उभी होती. झालं म्हटल्यावर तिने देवाकडे बघून हात जोडले. गेल्या दिवाळीत माझा मोठा भाऊ दुकानाच्या गल्ल्यावर बसल्या बसल्या गेला. चोपन्न वय. मला येत्या ऑगस्टमध्ये चोपन्न लागतंय. तेव्हापासून करुणा रात्री उठून माझ्या छातीवर हात ठेवते, श्वास चालू आहे का बघते. मी जागाच असतो. तिला नीट कळावा म्हणून श्वास जरा मोठ्याने घेतो. हे तिला माहीत नाही.

म्हणून संकल्प. १५ जूनला मॅडमकडे तपासणी आहे, तोवर शंभराच्या आत. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बरणीत टाकली. मॅडमनी तसंच सांगितलंय, कचऱ्यात टाकली तर घंटागाडीवाल्याच्या हातात घुसते. बोथट सुई कशी घुसणार कुणास ठाऊक, पण नियम म्हणजे नियम.

१२ मे, मंगळवार

भूक साफ मेली. सकाळी पोह्यांची एकच प्लेट. दुसरी घेतली, पण मन नव्हतं.

दुपारी शेजारचा कमरोद्दीन आला. बुक बाइंडिंगवाला, वीस वर्षांचा शेजार. इमरती घेऊन आला होता. औषध चाललंय का हे तपासायला एक खाल्ली. तीनवर थांबलो. एरवी मी मोजतच नाही. कमरोद्दीन म्हणाला, क्या बात है सेठ, आज चौथी नक्को? मी पोटावर हात ठेवून नुसता हसलो.

१७ मे, रविवार

दुसरं इंजेक्शन. हात सफाईदार झालाय. मागच्या वेळी डावीकडे, आज उजवीकडे. टोचलेलं कळत नाही. परत घाम.

वजन १०४ च्या वर दाखवतंय. काट्याखालची फरशी तिरकी आहे. स्वयंपाकघरात नेला, तिथंही तिरकी. फ्रीजजवळ ठेवल्यावर १०३ आणि काही. घरात तेवढी एकच फरशी सरळ बसवलीय, मिस्त्रीला बोललं पाहिजे.

करुणाने विचारलं, किती? मी तीन किलो गेले म्हणून सांगितलं. हे खोटं नाही. ॲडव्हान्स आहे.

आजपासून अधिक महिना. सासूबाईंचा कन्नडहून फोन, पुढच्या रविवारी धोंड्याला या. तीन वर्षांतून एकदा जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारसे आणि दिवा वाण द्यायचा. नाही म्हणणारा जावई अजून जन्माला यायचाय. काळजी नाही. अंगात औषध आहे. समोर धोंड्यांचा डोंगर ठेवला तरी इच्छाच होणार नाही.

२४ मे, रविवार. कन्नड

एसटीत उभ्याने. उन्हाने डोकं फुटायची वेळ, पण पेन सुखात. थर्मासमध्ये गार पाण्याच्या पिशवीला टेकवून नेलं. बर्फ नाही घातला, औषध गोठलं तर ते फेकून द्यावं लागतं. इतकी काळजी कोण घेतं?

मेव्हणा शिवराज म्हणाला, दाजी, बघू तरी कसं टोचता. माजघरात शर्ट वर केला, टोपण काढलं, बटण दाबलं, चेहरा तसाच ठेवला. शिवराज भिंतीकडं तोंड करून उभा. म्हणाला, लई डेरिंग हाय तुमचं दाजी, मला तर नुसतं बघवत नाय. मी म्हटलं, मनाची तयारी लागते.

मग जेवण. इच्छा अजिबात नव्हती हे इथे नोंदवून ठेवतो. पण सासूबाई स्वतः वाढायला. वाकता येत नाही तरी वाकून वाढतात. म्हणाल्या, घ्या जावईबापू, पुढच्या धोंड्याला मी असंन का नाय कोणाला ठावं. यावर माणूस काय करणार? धोंडे, वर तूप, आमरस, भजी, परत धोंडे. करुणा समोरून डोळे मोठे करत होती. मी तिला खुणेनं सांगितलं, औषध आहे.

संध्याकाळी ५

दोनदा उलटी. मळमळ, डोकं जड. मॅडमनी सांगितलंच होतं, सुरुवातीला मळमळ होते. म्हणजे औषध जोरात लागू पडलंय. सासूबाई लिंबू-पाणी देत म्हणाल्या, सोडा ते इंजक्शन, माणूस हाय का काय. मी म्हटलं, आई, बदल घडताना त्रास होतोच.

३१ मे, रविवार

वजन १०६. फ्रीजजवळसुद्धा.

सकाळपासून घरात येरझाऱ्या. कारण सापडलं. डोस कमी पडतोय. मॅडम म्हणाल्या होत्या, चार आठवडे हाच डोस, वाढवायचा तर मला विचारून. पण मॅडमचा फोन सारखा बिझी. एकदा लावला होता. शेवटी पेन माझं, त्यावरचं डोसचं चाकही माझं. आज ते पुढच्या आकड्यावर फिरवलं. बटण दाबताना जरा जड गेलं. पोटावरून धार लागल्यासारखा घाम.

परिणामाची वाट बघत दुकानात बसलो. शाळा उघडायच्या, गिऱ्हाइकांची झुंबड. कंपासपेटीचे भाव तीन वेळा चुकीचे सांगितले.

४ जून, गुरुवार

पट्ट्याला नवीन भोक पाडलं. चामडं उन्हाळ्यात आखडतं.

करुणाला म्हटलं, सहा किलो गेले. ती रडली. मग हसली. मग वेरूळला घृष्णेश्वराला जाऊन नारळ फोडून आली, येताना माझ्यासाठी अंगारा. आईला फोन करून सांगितलं, शेजारी सांगितलं.

काल रात्री ती सलग झोपली. छातीवर हात आलाच नाही. किती महिन्यांनी तिला अशी झोप लागली! मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र हाताची वाट बघत पडून राहिलो.

७ जून, रविवार. सकाळी ११

कमरोद्दीनच्या डॉक्टरनेही त्याला हेच पेन दिलंय. म्हणाला, उस्ताद, पहली बार है, आप लगाके बताओ, फिर मैं लगाता. त्याला आधी माझंच पेन वापरून बघायचं होतं, पण मी खडसावलं, पेन ज्याचं त्याचं, सुई बदलली तरी दुसऱ्याचं वापरायचं नाही. एवढं मला माहीत आहे.

दुकानाच्या आतल्या खोलीत बसलो. मी सुई बसवली, टोपण काढलं, पोटाला लावणार तेवढ्यात तो म्हणाला, रुको रुको, अंदर की टोपी तो निकालो.

मी म्हटलं, काय टोपी?

त्याने माझ्या हातातून पेन घेतलं आणि ती हिरवी नळी ओढून काढली. आत सुई होती. खरी, चमकणारी, केसाएवढी. हिरवी नळी म्हणजे सुईचं दुसरं टोपण.

मी वह्यांच्या गठ्ठ्यावर बसलो. कमरोद्दीनने पाणी दिलं. विचारलं, सेठ, फिर आज तक क्या किया आपने? मी म्हटलं, रंगीत तालीम.

त्याने आपल्या पेनावर नवी सुई बसवली, दोन्ही टोपणं काढली, बिस्मिल्ला म्हटलं, टोचून घेतलं, दहापर्यंत मोजलं आणि शर्ट खाली केला. मग एवढंच म्हणाला, भाभी कू सच बोल देव भाई.

घरी येऊन बरणी बघितली. सगळ्या सुयांनी हिरवी टोपणं घातलेली. महिनाभर घाम येत होता तो घाम नव्हता.

८ जून, सोमवार

करुणाला सांगायची गरज नाही. आता टोपण काढून सुरुवात करतो, सहा किलो खरोखर उतरवतो, मग काहीच खोटं उरत नाही. आठ दिवसांत सहा किलो. अवघड आहे, पण अशक्य नाही.

मॅडमना फोन केला. मित्राचं म्हणून विचारलं. मित्राने आतलं टोपण काढलं नाही, आणि न विचारता डोसही वाढवला. मॅडम म्हणाल्या, टोपण राहिलं म्हणून तुमचा मित्र वाचला, नाहीतर असा मनाने डोस वाढवून आज सलाईनवर असता. ते पेन वापरायचं नाही. नवीन पेन, सगळ्यात छोट्या डोसपासून परत पहिल्यापासून. आणि यायचं, सिस्टरसमोर बसून शिकायचं.

फोन ठेवता ठेवता मॅडमनी विचारलं, मित्राचंही स्टेशनरीचं दुकान आहे का?

११ जून, गुरुवार

सिस्टरसमोर बसलो. शिकायला खरंच पाच मिनिटं लागली.

१४ जून, रविवार. सकाळी ९

वजन १०६.

सहा वाजल्यापासून पलंगावर बसलोय. नवीन पेन, नवी सुई, दोन्ही टोपणं काढलेली. पोटाजवळ नेतो, परत घेतो. चहा घेतला. परत बसलो. खिडकी लावली. परत बसलो. मी सुईला घाबरतो. शाळेतही त्याच कारणासाठी पळालो होतो.

करुणा आत आली. म्हणाली, अजून व्हायचंय? उद्या तपासणी आहे ना?

उद्या मॅडम सगळं सांगतीलच. म्हणून सांगून टाकलं. टोपण. घाम. डोस. फ्रीजजवळची फरशी. सहा किलो गेले नाहीत, दोन वाढलेत.

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. पलंगाच्या कडेला बसली. म्हणाली, मग मी या सगळ्या रात्री निवांत झोपले ते?

मला लाज वाटली, हे इथे लिहितो.

मग तिने पदर खोचला. पेन माझ्या हातातून घेतलं. म्हणाली, तिकडं बघा, भिंतीकडं. मी शिवराजसारखा भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मुंगी चावल्यासारखं झालं. तिने दहापर्यंत मोजलं. सुई बरणीत टाकली, झाकण घट्ट लावलं. पोट कोरडं होतं.

दुपारी ३

जेवण अर्धंच गेलं. या वेळी खरं की मनाचं, माहीत नाही. मोजणार नाही.

आडवा झालो होतो. डोळे मिटले. थोड्या वेळानं छातीवर हात आला. मी नेहमीसारखा श्वास जरा मोठ्याने घेतला.

म्हणाली, सोंग करू नका. मला पहिल्या रात्रीपासून ठाऊक आहे. नीट झोपा.