दसऱ्याच्या अक्षता

आदिलाबाद, दसऱ्यानंतरचा गुरुवार, १९९९

माझ्या मायले महिपतचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होते. तुहा गुडघा अजून दुखून राह्यला काय? वच्छला सासरहून आली होती काय?

बाबा गेले म्हणून यंदा आपल्या घरी सण नाही, हे मले माहीत होतं. तरी दसऱ्याले राहवलं नाही. बाबा शिलाई मशीनची पूजा करत, तशी मी हापिसातल्या लॅपटॉपची, म्हणजे मांडीवर घेऊन चालवायच्या कंप्यूटरची केली. हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, आंब्याच्या पानानं पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवशी त्याचं एकही बटन चालेना.

बंद करून उलटा धरला, तर तांदूळ गळले. कापसानं कुंकू पुसलं, पंख्याखाली वाळवला, तरी काही नाही. मग साहेबांनी बाहेरून दुसरा कीबोर्ड जोडला अन् सगळी अक्षरं बरोबर उमटली. "आत सगळं ठीक आहे, फक्त बटनं मेली," म्हणाले. रागावले नाहीत, काळजी करू नको.

पण माय, मले बाबाच दिसले. लकवा मारल्यावर आपलं सारं बोलणं त्यांना समजत होतं, हात तेवढा ऐकत नव्हता. तू त्या हातात कैची देऊन पाहे, अन् ती खाली पडे.

बाबाच्या मशीनले तेल घालत जा, नाहीतर तीही जाम होईन. सुईतला दोरा मात्र काढू नको. तो बाबांनी ओवलेला आहे.

तुहा,
महिपत