नाताळ वगळून ऊब

नाही, नाही आणि नाही! पाइनची बोंडं नाताळची नसतात, मावशी. ती झाडाची असतात. झाड वर्षभर उभं असतं, त्याला कॅलेंडर कोणी दाखवत नाही. तू तिकडे स्पेनच्या उन्हात बसून घराच्या जाहिरातीतला फोटो बोटांनी ताणून ताणून मोठा करतेस, खिडकीतल्या परडीत चार बोंडं शोधून काढतेस, आणि मला निरोप ठोकतेस की जानेवारी संपत आला, तुवा, माझ्या घरात नाताळ अजून काय करतोय? काही करत नाहीये. नाताळ तळघरात आहे. खोक्यात आहे. खोक्यावर चिकटपट्टी आहे आणि पट्टीवर तुझ्याच अक्षरात ‘नाताळ’ असं लिहिलंय.

असो. पत्र भांडणानं सुरू झालं म्हणून रीत मोडायला नको. प्रिय इंगा-लिल मावशी, तुझ्या एकुलत्या एक भाचीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? झोप लागते का? रोल्फ कसे आहेत, त्यांचा गोल्फवाला खांदा कसा आहे? (त्यांना ‘काका’ म्हणायचा मी प्रयत्न केला, पण ते घशातच अडकतं. लेनार्टकाका गेल्यावर तू पुन्हा सुखी व्हावंस असं मला मनापासून वाटतं. पांढरी पँट घालणाऱ्या माणसाबरोबर इतकं सुखी व्हावंस का, एवढाच प्रश्न आहे.) इकडे उत्तरेत, ओस्टरसुंडात सगळं क्षेम. बाहेर उणे बावीस. तळं गोठलंय, गाड्या गोठल्यात, सूर्य दुपारी डोकावतो आणि चुकीच्या घराची बेल वाजवल्यासारखा लगबगीनं निघून जातो. फोन सोडून कागद का खरडतेय म्हणशील, तर फोनवर मी घराचा विषय काढला की तू फोन फिरवून मला समुद्र दाखवतेस. समुद्राशी वाद घालता येत नाही.

तर घर. रोल्फना समुद्रावर बाल्कनी हवी, म्हणून तू ते विकायचं ठरवलंस. घर तुझं, तेव्हा मला मत नाही. मी नुसती राहते त्यात. भाड्याच्या घरांच्या रांगेत माझा नंबर लागेल तोवर मला कवळी बसलेली असेल, पण ही तक्रार नाही, माहिती आहे. तू म्हणालीस, गिऱ्हाईक यायच्या आधी घर हिवाळ्याला शोभेल असं सजव, ऊब वाटली पाहिजे, फक्त नाताळ नको, लाल नको, आणि आपलं असं काही दिसायला नको. हे सगळं मी अक्षरशः पाळलं. कसं पाळलं ते सविस्तर सांगते, म्हणजे पुढे जे झालं त्यात माझा दोष नाही हे तुला पटेल.

नाताळ कुठे संपतो आणि हिवाळा कुठे सुरू होतो, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. खिडकीतला तारा उतरवला, गवताचा बोकड उतरवला, लाल पडदे उतरवले, इथपर्यंत ठीक. पण हायसिंथच्या कुंडीचं काय? संत्र्यांचं काय? शेवटी मी सोसायटीच्या चेअरमनना बोलावलं. होल्गरकाका पट्टी, चष्मा आणि सोसायटीचे नियम घेऊन वर आले, तुझ्या खुर्चीत बसले आणि एकेका वस्तूची सुनावणी घेतली. मेणबत्ती पांढरी असली तर हिवाळा, लाल असली तर नाताळ. संत्रं नुसतं असलं तर हिवाळा, त्यात लवंगा खोचल्या की नाताळ. हायसिंथ दोषी (बिचाऱ्या रोपाला कल्पनाही नाही). सात दिव्यांची कमान तर तेरा जानेवारीनंतर, म्हणजे नाताळ रीतसर संपल्यावर, खिडकीत ठेवणं म्हणजे सोसायटीच्या कपडे धुण्याच्या खोलीत दुसऱ्याच्या वेळेत मशीन लावण्याइतकं गंभीर, ती त्यांनी स्वतः उचलून कपाटात टाकली. मग उशीवरच्या रेनडियरशी आले. मी म्हटलं, हा गेला. त्यांनी चष्मा काढला.

“रेनडियर नाताळचा कसा? रेनडियर माझ्या मेहुण्याचा आहे.”

(त्यांच्या मेहुण्याचा कळप आहे हे मी विसरले होते. उशी वाचली. बोंडंसुद्धा याच सुनावणीत निर्दोष सुटली. चेअरमनची लेखी सही आहे, हवी तर पाठवते.)

दुसऱ्या दिवशी तुझा एजंट आला, पोन्टुस. केस इतके चोपडून बसवलेले की उणे बावीसमध्ये टोपी नाही, कारण टोपीनं भांग मोडतो. त्यानं दारातूनच नाक मुरडलं. खिडकीतली बोंडांची परडी सोडून मी मांडलेलं सगळं काढायला लावलं आणि गाडीतून स्वतःचे खोके आणले. राखाडी उशा. राखाडी शाल, जी सोफ्यावर अशी टाकायची की कोणीतरी आत्ताच उठून गेलंय, आणि परत येणार नाही. वाडगाभर लिंबं, जी कोणी पिळायची नाहीत. मेणबत्त्या, ज्या कोणी पेटवायच्या नाहीत, कारण वात काळी झाली की फोटोत दिसते. चुलीपाशी बर्चच्या लाकडांची मोळी, तिला हात लावायचा नाही, ती पुढच्या घरी जायची आहे. पुस्तकं पाठमोरी केली, पानं बाहेर, नावं भिंतीकडे, म्हणजे इथे वाचणारं कोणी राहतं हे कळेल पण काय वाचतं ते कळणार नाही. आजीचा फोटो फ्रिजमागे गेला.

“घर उबदार दिसलं पाहिजे,” तो म्हणाला.

“दिसायच्या ऐवजी असलं तर चालेल का?”

“असणं फोटोत येत नाही, तुवा.”

मग त्याची नजर जमिनीवर गेली. तुझ्या चिंध्यांच्या लांब सतरंजीवर, तीच, लेनार्टकाका गेल्यावर त्यांचे निळ्या पट्ट्यांचे कामाचे शर्ट फाडून तू आख्खा हिवाळा मागावर बसून विणलीस ती. तो म्हणाला, हे काय आहे? मी म्हटलं, काका आहेत. त्यानं दोन बोटांनी उचलून तिची गुंडाळी केली आणि म्हणाला, हे टाकून दे. तुला फोन केला तर तू काय म्हणालीस आठवतंय? “टाक गं, जुनीच आहे,” आणि समुद्र दाखवलास. मी टाकली. (पलंगाखाली.)

आता रविवार. घर बघायला लोक दुपारी यायचे होते, आणि सकाळीच सगळ्या घरांचे हीटर तापवणारा सोसायटीचा गरम पाण्याचा पंप बंद पडला. भिंतीवरचे हीटर माशासारखे गार. पोन्टुसची राखाडी ऊब तासाभरात उघडी पडली, मावशी. लिंबांवर दव धरलं असं म्हणायचा मोह होतोय, पण खोटं कशाला. लोक यायला लागले. आपली माणसं, तुला माहीतच आहे. जिन्यात शिस्तीत रांग, एकमेकांपासून हातभर अंतर, सगळे भिंतीवरची आगीची सूचना पाठ करताहेत, जणू आत परीक्षा आहे. पोन्टुस दारात प्रत्येकाच्या बुटांवर निळ्या पिशव्या चढवायला लावत होता. त्या पिशव्या घालून ते खोल्यांमधून सरकत होते, भिंतींवर टकटक करत होते, नाकातून वाफा सोडत होते. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. का बघतील? उद्यापासून एकमेकांवर बोल्या लावायच्या असतात. ज्याच्या अंगावर पाय द्यायचा त्याचं तोंड बघू नये.

त्यात एक पोटुशी पोरगी होती, योना, आणि तिचा नवरा इसाक. तिचे ओठ निळे पडलेले. आता तूच सांग, मी काय करायला हवं होतं? लिंबू द्यायला हवं होतं? मी बर्चची मोळी सोडली आणि चूल पेटवली. मग मेणबत्त्या पेटवल्या. मग कपाटातून मेंढ्यांची कातडी काढली, आजीच्या लोकरी शाली काढल्या, पलंगाखालून सतरंजी ओढून चुलीपुढे पसरली. हे सगळं नाताळ वगळूनच होतं, ध्यानात घे. आणि कॉफीचं मोठं भांडं चढवलं. कॉफी म्हटल्यावर सोबत काही हवं, म्हणून आदल्या दिवशी सहज भाजून ठेवलेले पदार्थ मांडले. बरोबर सात प्रकार. (सहा ठेवले तर चिक्कू, आठ ठेवले तर माज, हे तुझंच वाक्य.) मधोमध वेलदोड्याचे बन.

पोन्टुस कानाशी येऊन फुसफुसला, “हे घर दाखवणं आहे, बारसं नाही!” पण तोवर इसाकनं पायातल्या पिशव्या आणि बूट काढून सतरंजीवर फतकल मारली होती. एक बसला की दुसऱ्याला उभं राहणं अवघड होतं. सोल्वेग म्हणून एक मास्तरीणबाई होत्या, नुकताच घटस्फोट झालेल्या. त्यांनी शाल पांघरली आणि आपण होऊन, कोणी विचारलेलं नसताना, अनोळखी माणसाला (माझी शपथ!) स्वतःचं नाव सांगितलं. मग योनानं सांगितलं. मग सगळ्यांनीच. होल्गरकाका पंपाचं बघायला निघाले होते, ते ‘एक कप’ म्हणून बसले आणि त्यांनी मेहुण्याच्या रेनडियरची गोष्ट सुरू केली. बाहेर अंधार पडला. घर बघायला आलेल्या लोकांनी घराकडे बघायचं बंद केलं. एकानं तर चुलीत लाकूड टाकता टाकता मला विचारलं, साखर कुठे असते? म्हणजे तो राहायलाच आला होता.

आणि मग बशीत एक बन उरला.

पुढचं तुला सांगायला नको. सगळ्यांचं लक्ष तिकडे, हात कोणाचाच नाही. सोल्वेगबाईंनी सुरी मागितली, अर्धा कापून घेतला. दहा मिनिटांनी इसाकनं त्या अर्ध्याचा अर्धा. मग होल्गरकाकांनी उरलेल्या पाव हिश्श्याचा अर्धा, “मला गोड चालत नाही” असं म्हणत. पोन्टुससुद्धा, मावशी! भांगावरून हात फिरवत त्यानं सुरी घेतली आणि नखाएवढा तुकडा उचलला. संध्याकाळी सगळे गेले तेव्हा बशीत मुंगीला पुरेल एवढा बन शिल्लक होता. तो अजून आहे. मीही कोण त्याला हात लावणारी?

सोमवारी बोली लागायची. फोन गप्प. मंगळवारी गप्प. बुधवारी पोन्टुसनं एकेकाला फोन लावले. सोल्वेगबाई म्हणाल्या, घर फार आवडलं, पण त्या बाळंतीण होणाऱ्या पोरीच्या तोंडचा घास कसा काढू? योना म्हणाली, छे छे, त्या बाई एकट्या आहेत हो, त्यांना मिळू दे. साखरवाला म्हणाला, दोघींपैकी कोणालाही द्या, मी थांबतो. आणि तिघांनीही शेवटी तेच विचारलं, म्हणे मग ती बन देणारी मुलगी कुठे जाणार? पोन्टुस संध्याकाळी माझ्याकडे आला. या वेळी टोपी घालून.

“तू त्यांना कॉफी का दिलीस?”

“थंडी होती.”

“थंडीत माणसं लवकर निर्णय घेतात!”

बिचारा. त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच असं घर बघितलं की जे सगळ्यांना हवं आहे आणि कोणीच घेत नाहीये. मी त्याला समजावलं की सजावटीत चूक झाली नाही. ऊब हवी होती, ऊब आली. नाताळ नव्हता, लाल नव्हतं. फक्त घराचा शेवटचा बन झाला. आता तो कोण उचलणार?

तेव्हा माझं काम मी चोख केलं आहे, विक्री तेवढी राहिली. रोल्फना नमस्कार सांग. गुडघ्याला जप.

तुझी आज्ञाधारक भाची,
तुवा

ता. क. बोंडं नाताळच्याच खोक्यातली आहेत. चिकटपट्टी मी कापली आणि परत लावली. होल्गरकाकांना हे सांगू नकोस, त्यांची सही आहे.

ता. क. त्यांच्यावरून आठवलं. पंप शेवटचा पाहुणा जिना उतरल्यावर आपोआप सुरू झाला. पंपाच्या खोलीची किल्ली फक्त चेअरमनकडे असते. मी काहीच म्हणत नाही. आणि सात प्रकार आदल्या दिवशी ‘सहज’ कोणी भाजत नाही, हे तुझ्या आधीच लक्षात आलं असेल.

ता. क. पोन्टुस करार वाढवायला तुला फोन करेल. वाढवू नकोस. घर विकू नकोस, मला देऊही नकोस. मधोमध काप. मोठी खोली तुझी, चुलीकडची, कुलूप लावून ठेव नाहीतर येऊन राहा. लहान मला पुरते. आपल्यात शेवटच्या तुकड्याचं असंच करतात.

ता. क. (हे शेवटचं.) परवा तू समुद्र दाखवायला फोन फिरवलास ना, तेव्हा मध्ये क्षणभर तुझे पाय दिसले. लोकरीचे दोन-दोन मोजे, आणि खाली ती बर्फासारखी फरशी. तिकडे बाहेर ऊन असतं, घरात नसतं, होय ना? म्हणून या पत्राबरोबर एक पार्सल पाठवतेय. लेनार्टकाकांची सतरंजी आहे. अर्धी. कापलेल्या टोकाला घट्ट गाठी मारल्यात, उसवणार नाही. पलंगावरून उतरशील तिथे टाक. दुसरी अर्धी इथे चुलीपुढेच आहे, ती मी पाठवणार नाही, मागू नकोस. फोनही करू नकोस, होल्गरकाकांच्या मेहुण्याकडे चाललेय, तिथे रेंज नाही. पोस्ट बंद व्हायच्या आत पोचायचंय. बूट घातले, टोपी घातली, दिवा मालवला. गेले.