पान एकवीसवरचं फुलपाखरू

५ ऑक्टोबर, रविवार

कोणीतरी माझ्या मागावर आहे.

वाचनालयाच्या सूचनापेटीची किल्ली हरिहरकाकांनी माझ्याकडे दिलीय. ग्रंथपाल ते, पण गुडघ्यांमुळे वाकता येत नाही. आज पेटी उघडली. नेहमीचंच निघालं — पंखा आवाज करतो, दिवाळी अंक कधी येणार, लोक फोनवर मोठ्याने बोलतात. आणि एक चिठ्ठी. चौकटीचा कागद, जांभळं जेल पेन.

'दीपगृहाच्या पुस्तकात पान २१ वर खूण नाही.'

बस. नाव नाही, काही नाही! मी चिठ्ठी मुठीत चुरगळली आणि काकांना म्हटलं, "काही खास नाही, पंखाच."

६ ऑक्टोबर, सोमवार

कॉलेजात लक्षच नव्हतं. इथे तरी खरं लिहिते.

आमच्या वाचनालयातल्या जुन्या सभासदांची एक सवय आहे. पुस्तक वाचून झालं की ठरावीक पानावर पेन्सिलीने बारीकशी खूण करायची — कोणाचं टिंब, कोणाचं स्वस्तिक — म्हणजे तेच पुस्तक चुकून परत नेलं जात नाही. मला ते जाम आवडलेलं. मी पान २१ घेतलं आणि छोटंसं फुलपाखरू. मे महिन्याच्या शिबिरात पोरांसमोर शायनिंग मारायला म्हणालेले, "माझं फुलपाखरू नसेल तर समजा, रसिकाताईने पुस्तक वाचलेलंच नाही!"

कोणी सांगितलेलं मला एवढं बोलायला?

बालविभागात 'रसिकाची शिफारस' लावते ना मी — जुनी, अभिजात पुस्तकं, प्रत्येकाच्या पुढे माझ्या अक्षरातलं कार्ड. तीस झाली. चौदा नोव्हेंबरला, बालदिनाला, त्यांची पुस्तिका निघणार. मुखपृष्ठावर माझं नाव. आईने कल्याणच्या मावशीपासून सगळ्यांना सांगून ठेवलंय.

त्या तिसांतली एकवीस मी वाचलीत. काही दोनदा. सुताराच्या मुलीच्या पुस्तकाबद्दल लिहिलंय ना — 'पहिली तीस पानं रटाळ आहेत, सोडू नका, एकतिसाव्या पानावर होडी उलटते' — ते शंभर टक्के खरं आहे.

उरलेली नऊ नाही वाचली. मलपृष्ठ आणि सुरुवातीची पंधरा-वीस पानं. दहावीनंतर वेळच मिळाला नाही... नाही, मिळाला. रील्स बघितल्या. आणि दीपगृहवाल्याच्या कार्डावर काय लिहिलंय मी? 'शेवटची पानं वाचून मी इतकी रडले की आईला वाटलं मला लागलं!'

लाज वाटतेय. पण जास्त वाटतेय ती भीती. हे कळलं कोणाला?

८ ऑक्टोबर, बुधवार

क्लासला दांडी. काका जेवायला गेलेले तेव्हा नऊही पुस्तकं काढली आणि पान २१ वर नऊ फुलपाखरं काढली. घाईत दीपगृहवाल्यातलं तर झुरळासारखं दिसतंय. पण आहे!

आता काढा म्हणावं खुसपट.

१२ ऑक्टोबर, रविवार

पेटीत चिठ्ठी. तोच कागद, तेच जांभळं पेन.

'आता आहे.'

खाली एक हसरा चेहरा काढलाय! हसतोय माझ्यावर! म्हणजे हा माणूस रोज जाऊन बघतो. मला रंगेहाथ पकडलंय आणि मजा घेतोय.

१३ ऑक्टोबर

अद्वय. दुसरं कोण असणार!

१५ ऑक्टोबर, बुधवार

मुद्दे मांडते. (१) अद्वय दर रविवारी काउंटरवर बसतो, कपाटापाशी कधीही जाऊ शकतो. (२) शिफारशींचं काम आधी त्याला हवं होतं, काकांनी मला दिलं. (३) चौकटीचा कागद! ग्राफ पेपर बारावी सायन्सवाल्याशिवाय कोणाकडे असतो? (४) अक्षर मुद्दाम वेडंवाकडं काढलंय. मोठ्ठं, गोल, ओळ सोडून वर जाणारं. एवढी अक्कल त्यालाच.

आज मुद्दाम विचारलं, "जांभळं पेन आहे का रे?" म्हणाला, "नाही गं, काळं चालेल?" किती साळसूद चेहरा! खोटारडा.

१९ ऑक्टोबर, रविवार

भांडण झालं. काउंटरवरच.

मी म्हटलं, "समोर येऊन बोलायची हिंमत नाही म्हणून चिठ्ठ्या टाकतोस का?" तो म्हणाला, "कसल्या चिठ्ठ्या?" मी म्हटलं, "नाटकं नको करूस. तुला माझ्या पुस्तिकेची जळजळ आहे, सगळ्यांना माहितीय." वाचनकक्षातल्या आजोबांनी पेपर खाली केला. अद्वयचे कान लाल झाले. मग एवढंच बोलला, "तुझी कार्डं टाईप करून मुद्रकाकडे मीच दिलीत, रसिका. तीसच्या तीस. शुद्धलेखनही तपासलं."

माहीत नव्हतं मला. पण चोर पण मदत करतात कधी कधी.

घरी आल्यावर पंधरा मिनिटं तोंडावर पाणी मारत होते.

२२ ऑक्टोबर

दिवाळी. वाचनालय बंद. हुश्श. फराळ गोड लागत नाहीये.

२९ ऑक्टोबर, बुधवार

अरे देवा! अद्वय नाहीच!!

चौथीतली एक मुलगी असते वाचनालयात, करिश्मा. ठाकुर्लीला राहते. तिची आई इथल्या पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते, म्हणून शाळा सुटल्यापासून सहापर्यंत पोरगी बालविभागातल्या खालच्या बाकावर. काकांनी बाईंच्या मागे लागून तिला अर्ध्या वर्गणीत सभासद करून घेतलंय. बाई म्हणजे मंदाकिनीबाई, आमच्या कार्यवाह.

आज बघितलं तर ती एक पुस्तक हातात घेते, पहिलं पान बघत नाही, चित्र बघत नाही. थेट पान २१. मग पुढचं.

मी विचारलं, "काय शोधतेस गं?"

"तुझं फुलपाखरू. तू वाचलेलंच घ्यायचं मी ठरवलंय. बाकीची कंटाळा आणतात."

"पेटीत चिठ्ठी तू टाकलेलीस?"

"हो! तू काढायला विसरलेलीस ना, म्हणून. आणि मग तू काढलंस पण. लगेच!" दप्तरातून गणिताची वही काढून दाखवली. चौकटीची! आणि कंपासमध्ये जांभळं पेन.

मला हसू आलं आणि रडूही. पंचवीस दिवस मी चौथीतल्या पोरीला घाबरत होते! म्हणजे कोणालाच काही माहीत नाही. सुटले!

दीपगृहवालं तिने दिवाळीच्या आधीच घरी नेलंय. म्हणाली, "शेवट यायचाय अजून. मी मुद्दाम हळू वाचतेय."

अद्वयला सॉरी म्हणायला हवं. म्हणेन.

३१ ऑक्टोबर

नाही म्हटलं अजून. कारण विचारलं तर काय सांगू?

६ नोव्हेंबर, गुरुवार

पुस्तिकेची मुद्रितं आली, छापण्याआधी तपासायला. मंदाकिनीबाईंनी मला बोलावलेलं. मी आपलं नाव बघत होते तेवढ्यात करिश्मा आली. हातात दीपगृहवालं.

"काका, याच्यात शेवटची पानंच नाहीत."

काकांनी चष्मा लावला. खरंच. १४४ ला कथा अर्ध्या वाक्यात तुटलेली आणि मग सरळ पुठ्ठा. पुस्तक १६० पानांचं, म्हणजे सोळा पानं गायब.

मंदाकिनीबाईंनी पुस्तक घेतलं, पान २१ उघडलं. माझं फुलपाखरू. मग मुद्रितात माझंच कार्ड वाचलं, मोठ्याने — 'शेवटची पानं वाचून मी इतकी रडले...' मग रजिस्टर. माझ्यानंतर हे पुस्तक फक्त करिश्मानेच नेलंय. "म्हणजे रसिकाने वाचलं तेव्हा पानं होती. हो ना गं रसिका?"

सगळे माझ्याकडे बघत होते. करिश्मा पण.

मी "हं" केलं.

शब्द पण नाही. नुसतं हं.

बाई म्हणाल्या, "जुनं पुस्तक आहे, दुसरी प्रत कुठे मिळायची नाही. अशा मुलांना घरी न्यायला द्यायचं म्हणजे हे असं होतं, हरिहरराव." तिचं सभासद कार्ड काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. पानं सापडेपर्यंत तिने यायचं नाही, बसायचंसुद्धा नाही. काका म्हणाले, "अहो, पोर रोज इथेच असते, जाणार कुठे?" बाईंनी ऐकलं नाही.

करिश्माने दप्तर उचललं आणि गेली. मी मुद्रितं हातात धरून तशीच उभी.

७ नोव्हेंबर

पोळी-भाजी केंद्रावरून गेले. करिश्मा बाहेर पायरीवर बसलेली, मांडीवर वही. मी रस्ता बदलला. मी! रस्ता बदलला!!

८ नोव्हेंबर, शनिवार

काकांनी सांगितलं. काल संध्याकाळी करिश्मा आईला घेऊन आलेली. आईने घर उलटंपालटं केलं म्हणे. गादी उसवून बघितली, रद्दीवाल्याकडे जाऊन आली. पानं काही मिळाली नाहीत. मिळणार कशी?

आईला अजून वाटत होतं पोरीने काही केलेलं नाही. तर करिश्माच मध्ये बोलली, "नाही आई, ताईचं फुलपाखरू आहे ना. ताईने वाचलेलं म्हणजे पानं होती. माझ्याकडूनच पडली असतील."

माफीची चिठ्ठी लिहून दिलीय तिने. काकांनी दाखवली. चौकटीचा कागद, जांभळं पेन. खाली हसरा चेहरा नाही.

काकांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मी नीच आहे. इथे लिहून काय उपयोग, हे पान कोण वाचतंय!

९ नोव्हेंबर, रविवार

करिश्माला पायरीवरून हाताला धरून आणलं. नऊ पुस्तकं मंदाकिनीबाईंच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं — यातलं एकही मी वाचलेलं नाही. फुलपाखरं गेल्या महिन्यात काढली, एकाच दिवशी. ती पानं होती की नव्हती ते मला माहीतच नाही. अद्वय काउंटरवर होता, त्याने मान वर केली नाही. बाई खूप बोलल्या. पुस्तिका रद्द. करिश्माचं कार्ड ड्रॉवरमधून निघालं.

मला वाटलेलं ती रडेल, नाहीतर चिडेल. ती कपाटाकडे गेली. सुताराच्या मुलीचं पुस्तक काढून माझ्यासमोर धरलं.

"हे वाचलंयस?"

"हो. खरंच."

तिने पान २१ उघडलं, मग माझ्याकडे बघितलं, मग परत पानाकडे. पुस्तक जागेवर ठेवून दिलं आणि दुसरं काढलं.

"आणि हे?"