रिकाम्या पार्किंगची जागा

आई, मी माझी खोली दिली, एसीसकट. गावाने हाकललेली एक बाई आणि तिची छोटी मुलगी माझ्या पलंगावर झोपतात. मी हॉलमध्ये सतरंजीवर. चर्चला जाते म्हणून गावाने तिचं पाणी तोडलं, नवरा गेला तेव्हा त्याला गावात पुरूही दिलं नाही. तिच्या वकिलासाठी मी गाडी विकली. वारज्याहून आता बसने जाते-येते. चहाही सोडलाय, तू ईस्टरआधीच्या दुःखसहनाच्या दिवसांत सोडायचीस तसा. तुला वाटेल, पोरगी अखेर माझ्यावर गेली. थांब, पुढचं ऐक.

कर्वेनगरचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. भाताला तांदूळ काढले की तू एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायचीस, अशा हाकललेल्या घरांसाठी. चर्चमधल्या सगळ्याच बाया टाकायच्या. पण तू त्यावर आणखी एक मूठ टाकायचीस, हाकलणाऱ्यांच्या नावाची. त्या दुसऱ्या मुठींची खीर नाताळात खालच्या मजल्यावर जायची, आपल्या प्रार्थनेच्या वेळी खिडकीवर दगड मारणाऱ्या गृहस्थांकडे. "त्यांना कशाला? मिरच्या पाठव," मी म्हणाले. "मिरच्या तुझ्या जिभेवर आहेत तेवढ्या पुरे. वाटी सांडू नकोस," तू म्हणालीस. वाटी परत आली ती खरकटी. तू गुणगुणत ती घासलीस. तुझा तेवढा राग मला कधी आला नव्हता.

आमच्या सोसायटीच्या चेअरमननी या बाईमागे पोलीस लावले. "वर धर्मांतर चालतं." हवालदार बिचारा पाणी पिऊन गेला, पण ती बाई बाथरूममध्ये दार लावून बसली होती. मग वॉचमनला हुकूम झाला, बाहेरच्यांना लिफ्ट नाही. पोरगी दप्तर घेऊन चार मजले चढते.

गेल्या आठवड्यात तेच चेअरमन माझ्या दारात. त्यांच्या आईला व्हीलचेअर लागली आहे. प्रवेशाच्या पायऱ्यांशेजारी रॅम्प करायचा, तर माझ्या पार्किंगची जागा हवी, माझी सही हवी.

"गाडी तर नाहीये तुमच्याकडे, मॅडम."

"नाहीये. पाहुण्यांना ठेवलीये ती जागा. लिफ्ट बंद आहे ना त्यांना, दमल्या की टेकतील तिथे."

"अहो, म्हातारं माणूस आहे."

"आमच्याकडचं लहान आहे. आपण बसा ना, चहा मात्र मिळणार नाही."

त्यांचा चेहरा उतरला, आणि आई, कित्येक दिवसांनी चहा प्यायल्यासारखं वाटलं मला. कोर्ट, गाव, कुणाचंच मी काही वाकडं करू शकत नाही. हा एक माणूस माझ्या हातात आहे. खोली दिली, गाडी दिली, जड गेलं नाही. ही रिकामी फरशी मी देणार नाही. तिच्यावर मी तुळशीची असते तेवढी एक कुंडी आणून ठेवली आहे, मुद्दाम मधोमध.

त्यांची आई दिवसभर गॅलरीत असते. मी बसस्टॉपकडे निघाले की हात हलवते. मीही हलवते, आणि सही करत नाही.

तू असतीस तर पेन हातात देऊन समोर उभी राहिली असतीस. म्हणून हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही तेच बरं. एवढंच सांगते: आज तांदूळ काढताना हात दुसऱ्यांदा आत गेला. मूठ भरून वर आली. मी ती धरून बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिले, आणि मग परत तांदळातच सोडली.