हिरव्या पेशी आणि माझा हातगुण

३ मार्च, सोमवार

हिरवं झालं! डबीभर हिरवं! चष्मिष्ट खुर्चीवरून उठून नाचलीच. एवढी शिकलेली संशोधक, पण आनंद झाला की अगदी लहान पोर.

सोप्या भाषेत लिहून ठेवते, कुणी विचारलं तर सांगता येईल. पेशींच्या चपट्या डबीत नवीन जीन, म्हणजे जनुक, आणि गॅसचे अगदी बारीक बुडबुडे सोडायचे. वरून सोनोग्राफीच्या प्रोबने, पोटावर फिरवतात त्याच, लहरी द्यायच्या. बुडबुडे थरारतात, पेशीच्या आवरणाला क्षणभर भोक पडतं, जीन आत! आत गेलं की पेशी हिरवी चमकते. जोर जास्त झाला तर मरते. स्नायू झिजत जाणाऱ्या मुलांना पुढेमागे याचा उपयोग व्हावा, म्हणून हा सगळा खटाटोप. सव्वीस वर्षं मी पोटातली बाळं दाखवली, आता रुग्णालयाने प्रोब धरायला या प्रयोगशाळेत पाठवलंय.

प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले, "ताई, तुमच्या हाताला गुण आहे." अंगावर मूठभर मांस चढलं!

घरी आले तर ह्यांचा तोच अर्धा कप चहा. निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघर ह्यांच्या ताब्यात. कप भरायचा म्हटलं की आखडता हात! वर म्हणतात, "संपला तर आणखी घे की."

५ मार्च

उजवा हात आज जरा जास्तच थरथरला. झोप झाली नाही म्हणून असेल. वर्षभर हेच लिहितेय मी! कुणाला कळता कामा नये. सोनोग्राफीवालीचा हात थरथरतो म्हटल्यावर प्रोब कोण देणार तिला? लॅबमध्ये चहालासुद्धा नको म्हणते, ॲसिडिटीचं निमित्त करून. आणि प्रोब सुटला तर मी करू काय? मला दुसरं येतंय काय?

१० मार्च

चष्मिष्टने आज प्रोब क्लॅम्पमध्ये घट्ट बसवून तोच प्रयोग केला. जोर तोच, वेळ तोच. फोटोत नुसते पट्टे! एक पट्टा मेलेल्या पेशींचा, एक काहीच न झालेल्यांचा, मध्ये कुठेतरी हिरवा ठिपका. मग स्वतः हातात धरून केलं. पोरीचा हात कसला स्थिर! पुन्हा पट्टे.

१२ मार्च

सर भडकले. "फक्त ताईंनाच जमत असेल तर त्याला प्रयोग म्हणायचं की जादू? अठ्ठावीस तारखेला अनुदानाचे तपासणीवाले येतायत. त्यांच्यासमोर काय ठेवू?" चष्मिष्टचं तोंड एवढंसं झालं. जेवणाचा डबा न उघडताच परत नेला. जाताना मला म्हणाली, "मावशी, माझंच काहीतरी चुकतंय. पाच महिने पाण्यात गेले."

तिचं काही चुकत नाहीये. फोटो बघताक्षणी मला कळलं. प्रोब एका जागी राहिला की लहरी तळावर आपटून परत येतात आणि ठरावीक जागीच जोर धरतात. जरा हलत राहिला की सगळीकडे सारख्या पोचतात. आणि माझा प्रोब का हलतो, ते माझं मला ठाऊक! तरी तोंड शिवून बसले. लाज वाटतेय माझीच मला.

१३ मार्च

नाही बोलले.

१४ मार्च

बोलले! सकाळीच दोघांसमोर हात पुढे धरला. "हा बघा माझा हातगुण."

मला वाटलं झालं, आता सामान आवरायला सांगणार. तेवढ्यात चष्मिष्टने — काय बाई ही मुलगी! — मोबाइल काढून माझ्या हाताचं शूटिंग केलं, हळू करून पाहिलं आणि ओरडली, "मावशी, सेकंदाला पाच वेळा!" मी हसले की रडले, आठवत नाही. बहुतेक दोन्ही.

सर एवढंच म्हणाले, "ताई, आधी डॉक्टरांना दाखवा. काम कुठे पळून जात नाही."

२१ मार्च

क्लॅम्पला छोटी मोटर बसवली. सेकंदाला पाच. डबी हिरवीगार! माझ्यापेक्षा सरस, खोटं कशाला बोलू. चष्मिष्टने मला मिठीच मारली. प्रोब गेला हातातून. वाईट वाटलं, पण वाटलं होतं तेवढं नाही. सरांनी मला फोटो तपासायला बसवलंय. "नजर तर थरथरत नाही ना?" म्हणाले. बरंच आहे की!

डॉक्टरांची वेळ सोमवारची. एकटीने जायचा धीर नाही. म्हणजे ह्यांना सांगायलाच हवं. वर्षभर लपवलं, आता सुरुवात कुठून करू?

२२ मार्च

सांगितलं. हे बराच वेळ गाळणी धूत राहिले. मग म्हणाले, "म्हटलं, तू सांगशील तेव्हा सांगशील. तोवर कप अर्धाच भरत होतो, तुझ्या हातून सांडायला नको म्हणून."