मत तुझं आहे

बाल्टिमोर

प्रिय आई,

मी बरी आहे आणि वेळेवर जेवते; तू आधी तेच विचारशील.

आपल्या काळ्या लोकांच्या आठवणी संगणकावर जपण्याचं आमच्या गटाचं काम चालू आहे. तुझं रेकॉर्डिंग गटातल्या मिस अर्लीननी लिहून काढलं. म्हणाल्या, "तुझी आई बोलता बोलता पातेल्यात डाव आपटते गं, तेही लिहू का?" मी म्हटलं, लिहा.

त्याचं इंटरनेटवरचं पान मी तयार केलं आहे. सोमवारी ते सगळ्यांना दिसेल. आजोबांचं दुकान कुणी जाळलं, हे त्यात तू नाव घेऊन सांगितलं आहेस. त्या माणसाचा नातू आज आपल्या डेरेलदादाचा साहेब आहे.

आमच्या गटात सांगणाऱ्यालाही मत असतं. तू नको म्हणालीस, तर पान लोकांसमोर जात नाही. सांगणाऱ्याच्या नातलगाला मात्र मत नसतं, म्हणून बैठकीत मी गप्प बसले. तुलाही मी काही सुचवणार नाही. रविवारी चर्चमधून आलीस की मिस अर्लीनना फोन कर, मला नको.

डेरेलदादाशी बोललीस का? गुडघा कसा आहे?

उत्तर काहीही दे. पण मागचं दार आतून लावत जा.

तुझी,
जोनेल